चिठ्ठीतला प्रश्न आणि मंचावरचं उत्तर: प्रश्नोत्तरी मनवाचन कसं शिकावं

प्रेक्षक चिठ्ठीवर प्रश्न लिहितो, घडी घालून पाकिटात टाकतो. मंचावरचा कलाकार पाकीट न उघडता तो प्रश्न सांगतो आणि त्याचं उत्तरही देतो. मेंटॅलिझममधला, म्हणजे मनवाचनाच्या जादूमधला, हा फार जुना आणि आजही हमखास रंगणारा प्रयोग आहे. अमेरिकेतले सॅम्री बाल्डविन (१८४८–१९२४) पत्नीच्या साथीनं तो करत, आणि या प्रकाराचं श्रेय बहुतेक वेळा त्यांनाच दिलं जातं. पुढं ॲना इव्हा फे यांनी तो गाजवला. त्यानंतर क्लॉड अलेक्झांडर कॉनलिन (१८८०–१९५४) यांनी डोक्याला पागोटं बांधून, भल्यामोठ्या रंगीत पोस्टरांच्या जोरावर तो घरोघरी पोचवला.

शिकणारे बहुतेक जण सुरुवात चिठ्ठी चोरून वाचण्यापासून करतात आणि तिथंच थांबतात. ही सुरुवात उलटी आहे. चिठ्ठी वाचण्याची युक्ती पंधरा-वीस दिवसांत हाताला बसते. उत्तर देणं अंगात मुरायला मात्र वर्ष लागतं, आणि प्रेक्षक घरी जाताना उत्तरच सोबत नेतो. ‘माझा प्रश्न ओळखला’ याचं नवल दोन दिवस टिकतं. ‘मला असं असं सांगितलं’ हे माणूस वर्षभर सांगत राहतो. म्हणून इथं क्रम मुद्दाम बदलला आहे: आधी उत्तरं, मग कागद, मग युक्त्या.

प्रश्नांची वही

दोनशे पानी वही घ्या आणि तुमच्या भागातली माणसं खरोखर काय विचारतील ते प्रश्न त्यांच्याच भाषेत लिहून काढा. किमान ६० प्रश्न हवेत. परदेशी पुस्तकातले प्रश्न इथं चालत नाहीत. कोल्हापुरात विचारलं जातं ते असं: पोराचं पोलीस भरतीत होईल का, एमपीएससीचा नाद सोडू का अजून एक वर्ष देऊ, उसाचं बिल वेळेवर मिळेल का, उद्यमनगरातल्या (इथल्या औद्योगिक भागातल्या) शेडमध्ये नवीन मशीन टाकू का, मुलीला पुण्यातलं स्थळ आलंय ते जमेल का, हरवलेलं मंगळसूत्र सापडेल का, यंदा फुटबॉल लीग कुठली तालीम मारणार (इथले फुटबॉल संघ तालमींचे असतात). सीझनप्रमाणे प्रश्न बदलतात. दहावी-बारावीच्या निकालाआधी निम्म्या चिठ्ठ्या मार्कांच्या असतात, तर गाळप हंगामात ग्रामीण भागातल्या कार्यक्रमाला ऊस आणि कारखाना पुन्हा पुन्हा येतो.

प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी लिहा. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरात रोज काय घडत असेल, त्याला आतून भीती कशाची असेल, आणि आजच्या आज करता येईल असं एक काम कोणतं. या तीन रकान्यांतूनच पुढं उत्तर उभं राहतं.

त्यासाठी विषयाची माहिती लागते. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची असते, पुरुषांना १६०० मीटर धावावं लागतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याचं उत्तर आणि ज्याला ठाऊक नाही त्याचं उत्तर यांत फार मोठा फरक पडतो. सात-बारा, फेरफार, एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर), कॅप राउंड (कॉलेजच्या केंद्रीय प्रवेशाची फेरी) हे शब्द कधी आणि कशासाठी वापरतात ते माहीत असायला हवं. ही माहिती गोळा करण्यात गेलेला वेळ फुकट जात नाही.

एक उत्तर जवळून

समजा चिठ्ठीवर आद्याक्षरं, कोल्हापुरातला भाग आणि प्रश्न असं लिहिलंय: ‘सु. पा., कसबा बावडा. मुलगा पोलीस भरतीत उतरलाय, यंदा होईल का?’

कच्चा कलाकार म्हणतो, “सु. पा., तुमचा प्रश्न आहे की मुलाचं पोलीस भरतीत होईल का. हो, नक्की होईल.” सगळं एका दमात संपलं. प्रश्न हुबेहूब वाचून दाखवल्यामुळं लोकांना वाटतं, ह्यानं चिठ्ठी कुठंतरी बघितली. वर ज्या गोष्टीची कुणालाच खात्री नाही तिची खात्री दिली, म्हणजे उत्तर फसवंही झालं.

हेच टप्प्याटप्प्यानं असं होतं:

“इथं कुणीतरी स्वतःसाठी विचारलेलं नाही. आपल्या लेकरासाठी विचारलंय.” (थांबा. तीन आकडे मनात मोजा.)

“बावड्याकडून आलंय का कुणी? कसबा बावडा? सु... सु. पा. कोण आहे? उभं राहता का जरा?” (समजा, एक काकू उभ्या राहतात.)

“काकू, तुमच्या घरात पहाटे अंधारात कुणीतरी बूट घालून बाहेर पडतंय.” (इथं काकू हसतात किंवा मान हलवतात. न हलवल्यास: “किंवा तुम्हीच त्याला उठवताय आणि तो अजून पाच मिनिटं मागतोय.”)

“धावणं... मैदान... भरती. पोलीस भरती. यंदा होईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.”

टाळ्या इथं पडतात. टाळ्या पूर्ण थांबू द्या आणि मगच उत्तराकडं वळा.

“काकू, निकाल मला दिसत नाही आणि दिसतो असं सांगणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. पण एक सांगतो. मैदानाचे ५० गुण आणि लेखीचे १००. पोरं सोळाशे मीटरच्या मागं लागतात आणि पुस्तक राहतं बाजूला. आज घरी गेल्यावर त्याला एवढंच विचारा, लेखीचे सराव पेपर किती सोडवलेस?”

यातलं प्रत्येक वाक्य कशातून आलं ते बघा. ‘पहाटे बूट’ हे वाचलेलं नाही, अंदाजानं आलंय. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटेच पळतात. चिठ्ठीत नसलेली एक गोष्ट सांगितली की ‘चिठ्ठी बघितली असेल’ हा संशय मोडतो. आणि उत्तर असं आहे की मुलगा भरती झाला तरी खरं, न झाला तरी उपयोगाचं.

सर्वसाधारण वाक्यं माणूस स्वतःला लावून घेतो, हे मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांवर दाखवून दिलं. प्रत्येकाला ‘तुझं वैयक्तिक विश्लेषण’ म्हणून तोच मजकूर दिला होता, तरी विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कोल्ड रीडिंगचा, म्हणजे समोरच्याबद्दल काही माहीत नसताना अंदाजानं सांगण्याच्या तंत्राचा, पाया हाच आहे. पण मंचावर फक्त त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ‘तुम्ही वरून कडक, आतून हळवे’ ही वाक्यं लोकांना आता पाठ झालीत. पहाटेच्या बुटासारखी एक नेमकी गोष्ट अशा दहा वाक्यांना भारी पडते.

सराव असा: वहीतले प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर लिहून डब्यात टाका. रोज पाच काढा, प्रत्येकाला दोन मिनिटं द्या, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐका आणि ‘नक्की’, ‘शंभर टक्के’, ‘काळजी करू नका’ हे शब्द कुठं कुठं आले त्यावर खूण करा. ते गाळायचे आहेत. डब्यातली कुठलीही चिठ्ठी निघाली तरी अडखळायला होत नाही, अशी पातळी आली की पुढच्या भागाकडं या.

कागद, पाकीट, पेन

चिठ्ठीसाठी ए-फोर कागदाचे आठ समान तुकडे करा. प्रत्येक तुकडा ७४ × १०५ मिमीचा होतो. झेरॉक्सचा साधा ७०–७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन) कागद टाळा; मंचावरच्या दिव्यात काळी शाई पाठीमागून दिसते आणि लोक म्हणतात, ‘आरपार वाचलं.’ १०० जीएसएमचा घ्या. वर तीन ओळी छापून घ्या: आद्याक्षरं, पेठ किंवा गाव, प्रश्न. नुसती आद्याक्षरं घेतली तर घोळ होतो, कारण शंभर माणसांत स. पा. तीन-चार तरी निघतातच. पेठ लिहिलेली असली की माणूस एकटा उरतो.

पाकिटं पगाराची छोटी खाकी घ्या, चिठ्ठी दोनदा घडी घालून (सुमारे ५२ × ३७ मिमी) सहज बसेल अशी. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या दमट हवेत या पाकिटांचा गोंद आपोआप चिकटतो आणि ऐनवेळी निम्मी पाकिटं बंद निघतात. सिलिका जेलची पुडी टाकलेल्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी एकेक तपासा. कार्यक्रमात झाकण चिकटवायला सांगू नका, फक्त आत खोचायला सांगा. फाडण्यात वेळ जातो आणि चिठ्ठीही फाटते.

प्रेक्षकांना काळी स्केच पेनं द्या. बॉलपेनची निळी बारीक अक्षरं मंचावर, हातभर अंतरावरून, दोन सेकंदांत वाचता येत नाहीत. तुम्हाला चष्मा असेल तर तो घालूनच मंचावर जा.

पहिली युक्ती: मधला तुकडा राखणं

ही एकट्या माणसासाठी आहे आणि कार्यक्रमाची सुरुवात करायला उत्तम. चिठ्ठी फाडून टाकली जाते आणि तरी तुम्ही आतलं नाव सांगता.

चिठ्ठीच्या बरोबर मध्यभागी ३ सेमी व्यासाचं वर्तुळ काढा. चिठ्ठी आधीच दोनदा घडी घालून परत उघडून ठेवा, म्हणजे प्रेक्षक त्याच घड्यांवर ती मिटेल. त्याला सांगा, ‘ज्या व्यक्तीबद्दल विचारायचंय तिचं नाव वर्तुळात लिहा.’ एकच नाव; वर्तुळात त्याहून जास्त मावत नाही.

मिटलेली चिठ्ठी परत घेताना बंद कोपरा शोधा. तीन कोपऱ्यांत कुठं ना कुठं कागदाच्या सुट्या कडा असतात; एकाच कोपऱ्यात सगळ्या घड्या एकत्र येतात, तिथंच वर्तुळ आहे. तो कोपरा उजव्या अंगठ्याखाली, तुमच्या बाजूला ठेवा. मधोमध फाडा आणि डाव्या हातातला भाग उजव्या भागाच्या पुढं, प्रेक्षकांच्या बाजूला ठेवा. गठ्ठा चतकोर फिरवा, पुन्हा मधोमध फाडा, पुन्हा डावा भाग पुढं. वर्तुळाचा तुकडा आता तुमच्या अंगठ्याखाली सर्वांत मागं आहे. बाकीचे तुकडे वाटीत टाकताना अंगठ्यानं तो मागं सरकवा आणि बोटांत राखा. उघडल्यावर तो साधारण ५२ × ३७ मिमीचा निघतो, म्हणजे ३ सेमीचं वर्तुळ अख्खं मिळतं.

तो वाचायचा कधी? पुढच्या चिठ्ठ्यांची वाटी उचलायला टेबलाकडं वळाल तेव्हा, वाटीच्या आडोशाला. फाडताना हाताकडं बघू नका, ज्यानं लिहिलं त्याच्याकडं बघा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, वर्तुळ घडीपासून सरकलेलं असतं आणि फाडताना नाव चिरतं. म्हणून वर्तुळं हातानं न काढता छापून घ्या आणि घड्या पट्टीनं घाला. दोन, पावसाळ्यात कागद सादळून आवाज न करता फाटतो. फाटल्याचा करकरीत आवाज प्रेक्षकाला पटवतो की चिठ्ठी संपली. त्यामुळं त्या दिवसांत या चिठ्ठ्याही सिलिकाच्या पिशवीतच ठेवा.

मुख्य प्रयोग: एक चिठ्ठी पुढं राहणं

तत्त्व सोपं आहे. तुम्ही जे पाकीट कपाळाशी धरता, त्यातला प्रश्न तुम्ही सांगत नसता. त्याच्या आधी उघडलेल्या पाकिटातला सांगत असता. ‘बरोबर आलं का बघू’ म्हणून उघडता तेव्हा पुढचा प्रश्न वाचता. अशी साखळी चालते. तिला सुरुवातीला एक प्रश्न आधी माहीत असावा लागतो.

तो मिळवायला आपला माणूस प्रेक्षकांत बसवू नका. या शहरात कुणी ना कुणी त्याला ओळखतं आणि आठवड्यात बोभाटा होतो. त्याऐवजी दारावर मदतनीस उभा करा. त्याच्याकडं चिठ्ठ्यांचं पॅड असतं: वर एक सुटी चिठ्ठी, तिच्याखालचं पान आणि त्याखालचं पान कडेनं एकमेकांना चिकटवलेलं, आणि त्या दोघांच्या मध्ये कार्बन. एका प्रेक्षकाला पॅडवरच लिहायला देतात. इथं मात्र बॉलपेन हवं. स्केच पेनचा आणि जेल पेनचा दाब कार्बनपर्यंत पोचत नाही. ती चिठ्ठी ज्या पाकिटात जाते त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलचा ठिपका असतो. मदतनीस आत जाऊन ठसा वाचतो आणि पडदा उघडण्याआधी तुम्हाला सांगतो.

मंचावर काचेच्या वाटीत १० पाकिटं घ्या. शंभर माणसांत ३०–४० चिठ्ठ्या वाटा, पण मंचावर दहाच आणा. प्रत्येकी अडीच मिनिटं धरली तरी २५ मिनिटं होतात आणि त्यापुढं प्रेक्षक चुळबुळतो. ठिपक्याचं पाकीट वाटीच्या तळाशी.

पहिलं कुठलंही साधं पाकीट उचला, डोळे मिटा, आणि माहीत असलेला प्रश्न टप्प्याटप्प्यानं सांगा. माणूस उभा राहिला, उत्तर दिलं, टाळ्या झाल्या. आता पाकीट उघडा, चिठ्ठीवर नजर टाका, ‘हो, बरोबर’ एवढीच मान हलवा, आणि चिठ्ठी दुसऱ्या वाटीत टाका. त्या दोन सेकंदांत पुढचा प्रश्न वाचून झालेला असतो. दुसरं पाकीट उचला. असं करत शेवटी ठिपक्याचं पाकीट उरतं. ते धरून नवव्या पाकिटातून वाचलेला प्रश्न सांगा, आणि ते उघडून पाहिल्यावर हिशेब जुळतो. दुसऱ्या वाटीत दहाच्या दहा चिठ्ठ्या असतात. मध्येच कुणाला त्याची चिठ्ठी परत देऊ नका, ती हातातली नसते. सगळं संपल्यावर वाटीतून खुशाल शोधून द्या.

वाचताना ओठ हलले किंवा डोळे ओळीवर डावीकडून उजवीकडं फिरले की पुढच्या रांगेला कळतं. चिठ्ठी छातीच्या उंचीला, थोडी दूर धरा आणि पूर्ण ओळ न वाचता फक्त तीन गोष्टी उचला: आद्याक्षरं, पेठ, विषयाचा शब्द. ‘बरोबर’ म्हणायच्या आत वाचून झालं नाही तर उगाच रेंगाळू नका. माइक दुसऱ्या हातात घेण्याच्या निमित्तानं एक सेकंद मिळतो.

ठिपक्याचं पाकीट चुकून मध्येच उघडलं गेलं तर साखळी तुटते, कारण त्यात जुनाच प्रश्न असतो. तसं झालं तर गोंधळू नका. ‘पुढचे प्रश्न आता तुमच्यातूनच घेऊ’ म्हणत एखाद्याला वर बोलवा आणि राखलेल्या तुकड्याच्या युक्तीवर कार्यक्रम संपवा. त्यासाठी वर्तुळाच्या दोन कोऱ्या चिठ्ठ्या खिशात कायम असाव्यात.

आद्याक्षरं पुकारली आणि कुणीच उभं राहिलं नाही, हे मंडळांच्या कार्यक्रमात हमखास होतं. माणूस पोराला घेऊन बाहेर गेलेला असतो. दोनदा पुकारा, उत्तर हवेतच देऊन टाका आणि शेजाऱ्यानं निरोप द्यावा असं सांगा. गणपतीच्या मांडवात पेडेस्टल फॅनमुळं चिठ्ठ्या उडतात, म्हणून वाटी खोल हवी आणि टेबलाजवळचा पंखा आधीच बाजूला वळवून घ्या. शाहू स्मारक भवनासारख्या बंदिस्त सभागृहात हा त्रास नसतो.

जे प्रश्न घ्यायचे नाहीत

आजारपण, मरण, गर्भ, नवरा-बायकोतला संशय, भावकीतली वाटणी, कोर्टातला खटला. यांतला एकही प्रश्न मोठ्यानं बोलायचा नाही. कोल्हापुरात सभागृहातल्या दोघांपैकी एक जण दुसऱ्याचा पै-पाहुणा निघतो. वाटणीचा प्रश्न माइकवर गेला तर त्या घरात दुसऱ्या दिवशी भांडण पेटतं, आणि त्याला जबाबदार तुम्ही असता.

पण साखळीत असा प्रश्न हाती आला तर? पुढचं पाकीट उचला, थोडा वेळ धरा आणि शांतपणे म्हणा, “हा प्रश्न चारचौघांत बोलण्यासारखा नाही. ज्यांचा असेल त्यांच्या तो मनातच राहू दे.” मग पाकीट उघडा, चिठ्ठी बघा, मान हलवून ती वाटीऐवजी आतल्या खिशात ठेवा. आधीची, म्हणजे खरी नाजूक चिठ्ठी वाटीत गेलेली आहे. म्हणून अशा कार्यक्रमात वाटी कुणालाही चाळू देऊ नका आणि चिठ्ठ्या परत देण्याचा भाग गाळा. साखळी तुटत नाही, कारण पुढचा प्रश्न तुम्ही वाचलेला आहे. आणि अनुभव असा की हीच जागा प्रेक्षकांच्या सर्वांत जास्त लक्षात राहते.

कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: ‘मी ज्योतिषी नाही, माझ्याकडं कुठलीही सिद्धी नाही. निरीक्षण, मानसशास्त्र आणि हातचलाखी यांच्या आधारे ही करमणूक आहे.’ यानं प्रयोग फिका पडत नाही, उलट लोक जास्त मोकळेपणानं बघतात. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. अद्भुत शक्तीचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं हा गुन्हा आहे. जाहिरातीतही ‘भविष्य सांगणार’, ‘समस्या सोडवणार’ असं छापू नका. पोशाख साधा ठेवा. सत्काराचा कोल्हापुरी फेटा चालतो, तो मानाचा आहे. भगवी कफनी आणि रुद्राक्षाच्या माळा घातल्या की तोंडानं काहीही सांगा, लोक तुम्हाला बाबा समजतात.

एवढं सांगूनही कार्यक्रमानंतर दोघं-तिघं गाठतातच. “दादा, जरा खासगीत विचारायचं होतं.” त्यांना कोपऱ्यात नेऊन उत्तर देऊ नका, फोन नंबर देऊ नका, पैसे तर घेऊच नका. ‘ते सगळं मंचापुरतं होतं, मला खरंच काही दिसत नाही’ हे हसून नव्हे, गंभीरपणे सांगा आणि डॉक्टर, वकील किंवा सहायक कृषी अधिकारी, ज्याचं काम त्याच्याकडं पाठवा. एखाद्या चिठ्ठीत जगणं नकोसं झाल्याचा सूर असेल तर आयोजकांच्या मदतीनं त्या व्यक्तीशी हळूच बोला आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर लिहून द्या. तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. हा नंबर मदतनिसाच्या पॅडच्या मागच्या पुठ्ठ्यावर आधीच लिहून ठेवावा.

चिठ्ठ्यांचे फोटो काढू नका, वहीत उतरवताना नावं आणि गावं वगळा. मूळ चिठ्ठ्या, खिशातल्या आणि न वापरलेल्या पाकिटांतल्याही, त्याच रात्री बारीक फाडून टाका. कार्बनचा कागद आणि त्याखालचं ठशाचं पान विसरू नका. मंचाच्या मागं टेबलावर राहून जातं ते हेच.